हनिमूनचं रिसॉर्ट आणि सूर्यास्ताची वेळ



दिवाळी होऊन आठच दिवस झाले होते. माझी भाची आर्वीहून वर्धेला आली. डिसेंबरात, धनुर्मास लागायच्या आत तिचं लग्न होतं. मला वाटलं, साड्यांचे फॉल-पिको करून घ्यायला आली असेल. जेवणं आटोपली, भांडी झाली, आणि तिने मोबाईल माझ्यासमोर धरला. नवऱ्या मुलाने तीन रिसॉर्टच्या लिंक पाठवल्या होत्या. एक गोव्याचं, एक मुन्नारचं, एक महाबळेश्वरचं. खाली लिहिलेलं, "तुला आवडेल ते सांग, मी बुक करतो."

"मावशी, यातलं कोणतं चांगलं आहे?"

फोटो तिन्हीकडचे सारखेच. पांढरी चादर, तिच्यावर टॉवेलचे दोन हंस, गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम, खिडकीतून पाणी नाहीतर डोंगर. मी म्हटलं, अगं, मला काय कळतं यातलं, आमच्या वेळी चिखलदरा होतं आणि तिथे जी खोली मिळाली ती मिळाली. ती हसली नाही. मोबाईल उलटा ठेवून हळूच म्हणाली, "यातल्या कुठे पाच-साडेपाचला जेवण मिळेल?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ही रिसॉर्ट विचारायला आलेलीच नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या चातुर्मासात तिने आर्यिका माताजींकडे रात्रीभोजन त्यागाचा नियम घेतला. आजन्म. सूर्यास्तानंतर अन्न नाही. पाणी आणि औषधाची मोकळीक ठेवली आहे. मुलगा आपल्यातलाच, पुण्याला कंपनीत आहे. कांदा-लसूण खात नाही, बटाटा खातो, आणि ऑफिसातून घरी यायलाच साडेआठ होतात तर जेवण नऊला. पाहण्याच्या कार्यक्रमात शिक्षण, नोकरी, गोत्र सगळं विचारून झालं. हे कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. तिने आईजवळ विषय काढला, तर आमची ताई म्हणाली, "आता हे कायले सांगतं त्याले? लग्न तर होऊ दे. नाहीतर चार दिवसांची सूट घे माताजींना विचारून."

ताईला मी दोष देत नाही. मुलीची आई लग्न ठरल्यापासून ते लागेपर्यंत घाबरलेलीच असते. पण मी गप्प बसू शकले नाही, कारण मला माझं चिखलदरा आठवलं.

१९९६चा फेब्रुवारी. लग्नानंतर पाचव्या दिवशी आम्ही निघालो. अमरावती, परतवाडा आणि मग घाट. विदर्भात थंड हवेचं ठिकाण म्हणजे हे एकच, त्यामुळे निवडीचा प्रश्नच नव्हता. पॉइंट सुंदर, दरी सुंदर, कॉफीची झाडं मी तिथे पहिल्यांदा पाहिली. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत टाकलं म्हणतात ती दरीही पाहिली. पण ज्या लॉजवर उतरलो होतो तिथे रात्रीचं जेवण नऊला मिळायचं, आणि सव्वासहाला सूर्य दरीत उतरायचा. नियम मीही पाळत होते, लग्नाआधी चार वर्षांपासून. यांना सांगायची हिंमत झाली नाही. ओळखच पाच दिवसांची. मी म्हणायचे, भूक नाही. हे एकटे खाली जाऊन जेवून यायचे. आईने दशम्या आणि शंकरपाळ्यांचा डबा दिला होता, तो मी चार-पाच वाजता हे बाहेर पेपर वाचत बसले की पाठमोरी होऊन खायचे. चोरून. नव्या नवरीने स्वतःच्याच डब्यातलं चोरून खायचं!

तिसऱ्या दिवशी परत निघालो तेव्हा यांचा चेहरा उतरलेला होता. का, ते मला कळलं नाही. कळलं ते मोठा मुलगा दोन वर्षांचा झाल्यावर. एकदा बोलता बोलता म्हणाले, "चिखलदऱ्याला मला वाटलं होतं, तुला मी पसंत नाही. माझ्यासोबत एक घास खायला तू तयार नव्हतीस." तीन वर्षं हा माणूस ते मनात घेऊन वावरत होता आणि मी त्याच घरात त्याला वाढत होते.

भाचीला मी हे सगळं सांगितलं. मग म्हटलं, चल, आधी फोन लावू. निदान समोरून काय उत्तर येतं ते तर बघू.

स्पीकरवर टाकून आम्ही गोव्याला फोन केला. "जैन फूड मिळेल का?" "हो मॅडम, सगळं मिळेल." हे "सगळं मिळेल" ऐकलं की तिथे थांबायचं नाही, हे मी पर्युषणानंतरच्या दोन-चार सहलींत शिकले आहे. खूप ठिकाणी जैन म्हणजे फक्त कांदा-लसूण नाही, एवढंच माहीत असतं. मी विचारलं, बटाटा? "पोटॅटो तर असतो मॅडम." गाजर, आलं? गप्प. रात्रीचं जेवण किती वाजता? "बुफे साडेसात ते साडेदहा." आणि साडेपाचला काही मिळेल? तो पोरगा मोकळेपणाने हसला. "मॅडम, हनिमूनला आलेले लोक साडेपाचला खोलीतून बाहेर तरी येतात का!"

भाची लालबुंद झाली. मीही फोन ठेवला. त्याचं उत्तर आपल्या उपयोगाचं नव्हतं, पण मुलाने खोटं काही सांगितलं नाही. "सगळं मिळेल" म्हणून पैसे घेऊन मोकळे होणाऱ्यांपेक्षा तो बरा. फोटो पुन्हा पाहिले तर त्यांच्या पोहण्याच्या तलावातच बार होता. आपला वर्धा जिल्हा कितीतरी वर्षांपासून दारूबंदीचा. चोरून काय चालतं ते सोडा, पण आपल्याकडच्या मुलींनी जेवणघराला लागून बार हा प्रकार नागपूरला गेल्या तरच पाहिलेला असतो.

मुन्नारवाल्यांनी पॅकेजच पाठवलं. त्यात पहिली गोष्ट स्वागताचं पेय, मध-लिंबू. मला हसूच आलं. शब्दच बघा ना, मधुचंद्र! आणि श्रावकाच्या आठ मूलगुणांत मद्य, मांस, मधु यांचा त्याग सगळ्यात आधी. नंतर केक. अंडं नसलेला मिळेल का विचारलं तर "विचारून सांगतो." आणि पॅकेजचं मुख्य आकर्षण काय, तर साडेआठ वाजता हिरवळीवर मेणबत्तीच्या उजेडात जेवण. आता रात्री जेवायचं नाही याचं कारण आपल्या आजीने काय सांगितलं होतं? दिव्यावर कीटक येतात, ताटात पडतात, दिसत नाहीत. आणि इथे बरोबर तेच, उघड्यावर, दिव्याजवळ, जास्त पैसे घेऊन.

या फोनाफोनीत एक गोष्ट आम्हाला नीट कळली, ती लिहून ठेवते, कारण आपल्या बायकांचे पैसे इथेच वाया जातात. हॉटेलवाल्यांच्या दरात चार प्रकार असतात. ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि सकाळचा नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, आणि ते जेवण बहुतेक रात्रीचं धरलेलं असतं. एपी म्हणजे तिन्ही वेळचं. हनिमूनची पॅकेजेस बहुधा एमएपी असतात. म्हणजे जी मुलगी रात्री जेवतच नाही तिने चार रात्रीच्या जेवणाचे पैसे आधीच भरायचे. तेव्हा सीपी घ्या, किंवा रात्रीच्या ऐवजी दुपारचं जेवण द्याल का म्हणून विचारा. बरेच जण देतात, पण आपण विचारलं तरच. आणि हे बुकिंगच्या माणसाशी बोलून भागत नाही, स्वयंपाकघर सांभाळणाऱ्याशी बोलायचं. तो माणूस साडेपाचला चूल पेटवेल की नाही हे त्यालाच माहीत. बोलणं झालं की ते मेसेजवर लिहून मागायचं. दुसरं असं, की २४ आणि ३१ डिसेंबरला पुष्कळ रिसॉर्टवर त्या रात्रीच्या मोठ्या जेवणाचे पैसे सक्तीने घेतात, तुम्ही जेवा नाहीतर उपाशी झोपा. आपली तारीख त्याच्या आधीची असली तर बरं.

महाबळेश्वरला फोन करायची पाळी आली तेव्हा मी मोबाईल तिच्या हातात दिला. म्हटलं, बाई, महाबळेश्वरला जैन जेवणाची सोय बऱ्यापैकी असते, तिथे साडेपाचचं जमूनही जाईल. पण जेवायला तू एकटी बसणार की तोही, हे मला रिसॉर्टवाला सांगणार नाही. आधी त्याला फोन लाव.

ती गच्चीवर गेली. मी दोन वेळा जिन्यापर्यंत जाऊन आले, खोटं कशाला बोलू. पाऊण तास झाला, अंधार पडला, तरी खाली येईना. आली तेव्हा डोळे ओले होते. माझ्या पोटात गोळा आला.

तो चिडला नव्हता. म्हणाला होता, "एवढंच ना? मग आपण साडेपाचला जेवू. मला रात्री भूक लागली तर मी काहीतरी खाईन, तुला चालेल ना?"

"मग रडतेस कशाला?"

"मावशी, मला वाटलं होतं तो म्हणेल मीपण सोडतो."

बघा! इतके दिवस तो काय म्हणेल या भीतीने हिची झोप उडाली होती, आणि तो हो म्हणाला तर हिला अजून हवं. मी जरा रागावलेच. नियम तू घेतलास, त्याने नाही. तुझ्या नियमाला त्याने जागा दिली, साडेपाचला सोबत बसतो म्हणाला, आता पहिल्या फोनवर त्याच्याकडून व्रत घेऊ नकोस. मन झालं तर तो आपणहून घेईल, नाही झालं तर नाही. तिला ते फारसं पटलं नसावं. पण दुसऱ्या दिवशी आर्वीला परत जाताना चेहरा हलका होता.

पुढचे फोन मुलाने स्वतः केले. तीन लिंक बाद करून त्याने चौथीच जागा शोधली, कर्नाटकात चिकमगळूरजवळ कॉफीच्या मळ्यातलं घर. रिसॉर्ट म्हणावं असं काही नाही. चार खोल्या, मालकाचं कुटुंब तिथेच राहतं, घरचे शाकाहारी, स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येत नाही. ताईची ही एकच अट होती आणि ती मला मान्य आहे. ज्या कढईत दुपारी मासे तळले त्याच कढईत संध्याकाळी आपली भाजी, हे "जैन फूड"मध्ये किती ठिकाणी चालत असेल कोण जाणे. मालकीणबाईंनी फोनवर विचारलं म्हणे, सव्वापाच चालेल का, की पाच? तिथेच त्याने पैसे भरले. अर्धेच भरले, बाकीचे तिथे पोचल्यावर. तलाव नाही, टब नाही, टॉवेलचे हंस नाहीत. त्याला तलाव फार हवा होता, हे मला नंतर भाचीकडून कळलं. तोही काही सोडून आला होता, फक्त बोलला नाही.

इथे एक गंमत सांगते. सूर्यास्ताची वेळ सगळीकडे एक नसते हे आपल्याला माहीत असतं, पण डोक्यात आपल्या गावचीच वेळ बसलेली असते. डिसेंबरच्या मध्यात वर्धेला सूर्य साधारण ५ वाजून ३५ मिनिटांनी मावळतो. चिकमगळूर पश्चिमेला आणि दक्षिणेला, त्यामुळे तिथे सहा वाजून जातात. गोव्यात तर आपल्यापेक्षा जवळजवळ अर्धा तास उशीर. म्हणजे तुम्ही वर्धेच्या हिशोबाने साडेपाचला घाई करत असाल तर तिथे अजून पुष्कळ उजेड आहे. आणि उलटही होतं, पूर्वेकडे आसाम-मेघालयाकडे गेलात तर साडेचारलाच आटपावं लागतं. कॅलेंडरमधली वेळ धरून न चालता त्या गावची वेळ मोबाईलवर बघून घ्या.

हे सगळं ठरत असताना घरच्या मोठ्यांनी दुसरंच सुरू केलं होतं. मुलाच्या मावशीचं म्हणणं, चिकमगळूर-बिकमगळूर कशाला, चिखलदऱ्याला जा, आणि परतवाड्याहून मुक्तागिरी जवळच आहे, तिथे जोडीने दर्शन घ्या, आम्हीही मुक्तागिरीपर्यंत येतो. गाडी मोठी करू. माझ्या बहिणीलाही ते पटायला लागलं होतं. मुक्तागिरीचं मला सांगायला नको. डोंगरात बावन्न मंदिरं, मधून धबधबा, साडेतीन कोटी मुनी जिथून मोक्षाला गेले म्हणतात असं सिद्धक्षेत्र. मी स्वतः चार वेळा गेले आहे. पण हनिमूनला यात्रा जोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे, रागावणाऱ्यांनी रागवा. यात्रेत मन एकीकडे लागावं लागतं. नवीन जोडप्याचं मन दुसरीकडे असतं, आणि ते तसंच असायला हवं, त्यासाठीच तर ते निघालेत. दोन्हीची सरमिसळ केली की ना नीट दर्शन होतं, ना त्यांना चार शब्द मोकळे बोलता येतात. त्यात मागच्या सीटवर मावशी! मी ताईला म्हटलं, मुक्तागिरीला लग्नानंतर सगळ्यांनी मिळून एक दिवस जाऊ या, पूजा करू, जेवण करू, परत येऊ. आणि मग पोरांना त्यांच्या वाटेने जाऊ दे. तसंच झालं. मावशींनी मोठी गाडी केली, सगळ्यांची हौस फिटली.

डबा मात्र मी भरून दिला. तिखट-मिठाच्या पुऱ्या, शंकरपाळे, भाजक्या पोह्यांचा चिवडा, राजगिऱ्याचे लाडू. जाताना नागपूरहून विमान, बंगळूरहून पाच-सहा तासांची गाडी. पहिल्या दिवशी पोचायला उशीर झाला तर रस्त्यातच साडेपाचला डबा उघड, हॉटेल शोधत बसू नको. आणि पाणी गरम करायची लहान किटली स्वतःची दिली. हॉटेलच्या खोलीतली किटली आपण वापरू नये. त्यात आधीच्या लोकांनी अंडी उकडलेली असतात, हे मला एका हॉटेलात काम केलेल्या मुलीनेच सांगितलं होतं. पाणी गाळायला दोन छन्ने. तिची बॅग भरताना तिची मोठी बहीण हसत होती, हनिमूनला चालली की चौक्याला! हसू दे.

त्या चार दिवसांत एक चतुर्दशी येत होती. चतुर्दशीला ती एकाशन करते. बाकी पर्वतिथीचं जे काही असतं ते मोठ्या बायका कुजबुजत कॅलेंडर बघतात, तशी ताईनेही पाहिली आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ते तुझं-माझं काम नाही, आता ती दोघं बोलतात एकमेकांशी.

पहिल्या संध्याकाळी तिचा फोन आला. मी मोबाईल स्पीकरवर ठेवून तुरीचे दाणे सोलत होते, हे बाजूला पेपर वाचत होते. सव्वापाचला दोघं जेवायला बसले होते. तांदळाच्या पिठाची अक्की रोटी, कच्च्या केळ्याची भाजी, मुगाचं वरण. मालकीणबाईंनी स्वतः वाढलं. दुसऱ्या दिवशी मुल्लयनगिरीला जाणार होते, कर्नाटकातलं सगळ्यात उंच शिखर. सगळे तिथे सूर्यास्त बघायला जातात. यांनी पहाटे उठून सूर्योदय बघायचं ठरवलं, म्हणजे संध्याकाळ जेवणाला मोकळी. थंडीत चार वाजता उठायचं त्याच्या जिवावर आलं होतं, पण तयार झाला. परतीच्या वाटेवर हासनकडून श्रवणबेळगोळ करू असंही म्हणाली. मी हसले. "तूच म्हणतेस ना यात्रा नको!" "हो, पण तुमचं तुम्ही ठरवलंत तर मी कोण?" सहाशेच्या वर पायऱ्या चढून, अनवाणी, ५७ फुटांचा बाहुबली भगवान दोघांनी सोबत पाहिला. तिथे मूर्तीच्या पायाशी मराठीतला फार जुना शिलालेख आहे, तो शोधून त्याचा फोटोही पाठवला.

दुसऱ्या दिवशीच्या फोनवर जरा थांबून म्हणाली, "मावशी, काल रात्री नऊला त्याला भूक लागली. तुझ्या डब्यातल्या पुऱ्या मीच काढून दिल्या. मी नुसती बसून बोलत होते. चुकलं का माझं?"

काही जणी म्हणतील, खाऊ घालणंही नको. मी तिला म्हटलं, ते माताजींना विचार, मी सांगणारी कोण. परत आल्यावर विचारणार आहे ती.

फोन ठेवला. यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "पुऱ्या दिल्या म्हणे तिने त्याला?"

"हो."

"मला तुझ्या डब्यातला एक शंकरपाळा मिळाला नव्हता."